राइट-क्लिकमधून गायब झालेला ‘गिव्ह ॲक्सेस टू’ परत कसा आणायचा

फोल्डरवर राइट-क्लिक केलं, लांबलचक मेनू उघडला, आणि त्यात नेटवर्कवर शेअर करायचा पर्यायच नाही. कालपर्यंत होता. सीएच्या ऑफिसात टॅलीचा डेटा एका मशीनवर आणि कामाला चार मशीन, डीटीपीच्या दुकानात डिझाइन एका खोलीत आणि प्रिंट दुसऱ्या खोलीत, अशा ठिकाणी एवढ्याशा ओळीवाचून दिवसभराचं काम अडतं. मग कुणीतरी ‘फॉरमॅट मारू’ म्हणतं. त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

खाली विंडोज १० आणि ११ धरून सांगितलं आहे. पर्यायांची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. जिथे काही टाइप करायचं आहे तिथे ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचं. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. सोपी आणि निरुपद्रवी कारणं आधी घेतली आहेत, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जची नोंदवही, बरीच नंतर येते.

आधी नाव आणि जागा तपासा

विंडोज ७ मध्ये या पर्यायाचं नाव ‘शेअर विथ’ होतं. विंडोज १० सुरुवातीला आलं तेव्हाही तेच होतं. २०१७ च्या ऑक्टोबरमधल्या १७०९ आवृत्तीपासून ते ‘गिव्ह ॲक्सेस टू’ झालं. त्यानंतरच्या १८०३ आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, होमग्रुप ही घरातल्या कॉम्प्युटरांमध्ये शेअर करायची जुनी सोय पूर्णपणे काढून टाकली. त्यामुळे जुन्या व्हिडिओत पाहिलेलं ‘होमग्रुप’ शोधत असाल तर ते आता कुठल्याच सेटिंगने परत येणार नाही.

विंडोज ११ मध्ये मेनूच बदलला. राइट-क्लिकवर आधी छोटा मेनू उघडतो आणि ‘गिव्ह ॲक्सेस टू’ त्यात नसतो. तो खालच्या ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत असतो. फोल्डर निवडून शिफ्ट आणि एफ १० एकत्र दाबलं की थेट जुना, पूर्ण मेनू येतो. ११ वर नव्याने आलेल्यांचा प्रश्न बहुधा इथेच संपतो.

आणखी एक गोंधळ नावामुळे होतो. नुसतं ‘शेअर’ आणि ‘गिव्ह ॲक्सेस टू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘शेअर’ फाइल उचलून मेलला, एखाद्या ॲपला किंवा जवळच्या कॉम्प्युटरला पाठवतो. फाइलची प्रत तिकडे जाते. ‘गिव्ह ॲक्सेस टू’ फोल्डर जागच्या जागी ठेवून लॅनवरच्या, म्हणजे तुमच्या आतल्या नेटवर्कवरच्या, इतरांसाठी त्याचं दार उघडतो. टॅलीच्या डेटासाठी हवा असतो तो दुसरा. विंडोज ११ च्या छोट्या मेनूत वरच्या चिन्हांच्या ओळीत जो बाण दिसतो तो पहिला.

कशावर राइट-क्लिक करताय?

हा पर्याय प्रत्येक वस्तूवर येत नाही, आणि काही ठिकाणी तो न येणं हेच बरोबर असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह तुम्ही पुन्हा शेअर करू शकत नाही. तो जिथे मुळात आहे त्या मशीनवरूनच शेअर करावा लागतो. झिपच्या आतलं फोल्डर, कंट्रोल पॅनेलसारख्या आभासी जागा, यांनाही तो लागू नाही. अख्ख्या ड्राइव्हवर, म्हणजे डी किंवा ई वर, राइट-क्लिक केलं तर माणसं निवडायची यादी येत नाही, फक्त ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ येतं. वनड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फोल्डरवर ‘शेअर’ म्हटलं तर वनड्राइव्हची इंटरनेट लिंक तयार होते, तिचा तुमच्या लॅनशी संबंध नाही.

म्हणून तपासणीसाठी साधी वस्तू घ्या. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘टेस्ट’ नावाचं नवं रिकामं फोल्डर करा आणि सगळे प्रयोग त्यावरच करा. कामाच्या फोल्डरवर परवानग्यांचे प्रयोग करू नका. एकदा त्या विस्कटल्या की निस्तरायला रात्र जाते.

निदानाची एक युक्ती

टेस्ट फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. वर ‘जनरल’, ‘शेअरिंग’, ‘सिक्युरिटी’ असे टॅब दिसायला हवेत. मेनूतला पर्याय आणि हा ‘शेअरिंग’ टॅब दोन्ही विंडोजच्या एकाच फाइलमधून येतात. सिस्टम ३२ फोल्डरमधली ती एनटीएसएचआरयूआय नावाची डीएलएल. मात्र रजिस्ट्रीत दोघांची नोंद वेगवेगळ्या जागी असते. त्यामुळे टॅबकडे पाहून बिघाड कुठे आहे ते बरंच कळतं.

टॅब आहे, आत ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ चालतं, फक्त मेनूत ओळ नाही: यंत्रणा शाबूत आहे, मेनूची नोंद तेवढी गेली. सेवांचा, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, भाग सोडून थेट रजिस्ट्रीकडे जा.

टॅबही नाही: सर्व्हर सेवा बंद आहे, किंवा कुणीतरी ही डीएलएल अडवून ठेवली आहे, किंवा ती खराब झाली आहे. खालचा क्रम पूर्ण करा.

मेनूत ओळ आहे पण आत माणसांऐवजी नुसतं ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ दिसतं, आणि तेही साध्या फोल्डरवर: शेअरिंग विझार्ड बंद आहे.

दुसऱ्या युजरच्या लॉगिनमध्ये सगळं ठीक दिसतं, तुमच्यातच नाही: दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे. हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि त्यावरून पुढे रजिस्ट्रीच्या कुठल्या भागात शोधायचं ते ठरतं.

शेअरिंग विझार्ड

विंडोज १० मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ पट्टीत उजवीकडे ‘ऑप्शन्स’ आहे. ११ मध्ये वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांत ‘ऑप्शन्स’ मिळेल. उघडलेल्या खिडकीत ‘व्ह्यू’ टॅबवर जा आणि यादी अगदी खालपर्यंत सरकवा. ‘यूज शेअरिंग विझार्ड’ या ओळीला टिक हवी. नसेल तर लावा आणि ‘अप्लाय’ करा. आधीच असेल तर टिक काढून अप्लाय, पुन्हा लावून अप्लाय. अडकलेली नोंद पुन्हा लिहिली गेल्याने काही वेळा एवढ्यावरच काम होतं.

सेवा

२०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा तो एसएमबी या फाइल शेअरिंगच्याच वाटेने पसरला होता. घाबरून अनेकांनी शेअरिंगच्या सेवाच बंद करून टाकल्या. पॅच मात्र त्याच वर्षीच्या मार्चमध्येच आला होता. आज तेच काम ‘विंडोज हलकं करा’ छापाच्या स्क्रिप्ट आणि वेग वाढवणारी साधनं करतात. ‘सर्व्हर’ हे नाव पाहून ‘आपल्याकडे कुठला सर्व्हर’ असं वाटतं आणि ती सेवा बंद केली जाते. प्रत्यक्षात तुमचं फोल्डर दुसऱ्याला दाखवणारी सेवा तीच.

१. स्टार्ट दाबून ‘सर्व्हिसेस’ शोधा, त्यावर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’.

२. यादीत ‘सर्व्हर’ शोधा. स्टेटस ‘रनिंग’ आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ हवा. नसेल तर डबल-क्लिक करून टाइप बदला, ‘अप्लाय’ करा, मग ‘स्टार्ट’. अप्लाय करण्याआधी स्टार्टचं बटण मिटलेलं असतं, त्यात नवल नाही.

३. ‘वर्कस्टेशन’ आणि ‘सिक्युरिटी अकाउंट्स मॅनेजर’ या दोन्हींचंही तसंच पाहा.

४. बाकीचे कॉम्प्युटर ‘नेटवर्क’मध्ये दिसत नसतील तर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ आणि ‘एसएसडीपी डिस्कव्हरी’ याही सुरू हव्यात. मेनूच्या ओळीशी मात्र त्यांचा संबंध नाही.

‘सर्व्हर’ सुरू करताना १०६८ क्रमांकाची चूक आली तर तो ज्या दुसऱ्या सेवेवर अवलंबून आहे तीच बंद आहे असा अर्थ. त्याच खिडकीतल्या ‘डिपेंडन्सीज’ टॅबवर ती नावं दिसतात. आधी त्या सुरू करा.

नेटवर्क कार्ड आणि प्रोफाइल

विंडोज आणि आर दाबून उघडलेल्या रनच्या चौकटीत एन, सी, पी, ए, मग टिंब, मग सी, पी, एल असं सलग टाइप करा. नेटवर्क कार्डं दिसतील. जे वापरात आहे त्यावर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’. यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ आणि ‘क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स’ या दोन्हींना टिक हवी. पहिलं यादीतच नसेल तर ‘इन्स्टॉल’, ‘सर्व्हिस’, ‘ॲड’ या वाटेने ते परत बसवता येतं. व्हीपीएन बसवताना किंवा काढताना इथल्या टिका उडाल्याचं आढळतं. वायफाय आणि केबल ही दोन वेगळी कार्डं आहेत, तेव्हा टिक दोन्हींकडे पाहा.

मग सेटिंग्जमध्ये नेटवर्कची प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे ना ते बघा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोज तुम्हाला रेल्वे स्टेशनच्या वायफायवर बसलेलं समजतं आणि फायरवॉल शेअरिंगचा रस्ता अडवून ठेवतो. प्रोफाइल ठीक केल्यावर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करा. विंडोज १० मध्ये हे कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये आहे. ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधल्या ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’खाली गेलं आहे.

इथपर्यंत झालं की कॉम्प्युटर एकदा खरोखर रीस्टार्ट करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा लावणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज गाभ्याची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि तीच परत उचलतं.

रजिस्ट्री

आता मूळ जागा. मेनू उघडताना एक्सप्लोरर रजिस्ट्रीत पाहतो की या प्रकारच्या वस्तूसाठी कोणकोण आपली ओळ घालायला नाव नोंदवून बसलं आहे. शेअरिंगची नोंद ‘शेअरिंग’ याच नावाच्या कीमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीतल्या फोल्डरसारख्या कप्प्यात, असते. एखाद्या क्लीनर सॉफ्टवेअरने ती पुसली तर डीएलएल जागेवर असूनही तिला कुणी हाक मारत नाही.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ शोधून एक रिस्टोर पॉइंट करून ठेवा. तिथे सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ‘ऑफ’ दिसत असेल तर ते आधी ‘कॉन्फिगर’मधून चालू करावं लागतं. आणि ज्या कीला हात लावाल ती ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’ करून डेस्कटॉपवर जतन करा. रजिस्ट्रीत ‘अनडू’ नाही.

१. स्टार्टमध्ये ‘रजिस्ट्री एडिटर’ शोधून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

२. डावीकडे ‘एचकी क्लासेस रूट’ उघडा. आत हजारो नावं आहेत, पण पहिलीच की तारका, म्हणजे गुणाकारासारखं चिन्ह आहे. ती सर्व फाइलींसाठी. तिच्यात ‘शेलएक्स’, त्यात ‘कॉन्टेक्स्ट मेनू हँडलर्स’. त्याखाली ‘शेअरिंग’ आहे का?

३. फोल्डरसाठी हीच वाट ‘डिरेक्टरी’ या कीखाली पाहा. लांब यादीत चाकाने शोधत बसू नका. कुठल्याही कीवर क्लिक करून इंग्रजीत डी, आय, आर भराभर टाइप केलं की निवड तिथे उडी मारते.

४. फोल्डरच्या आतल्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक केल्यावर ओळ हवी असेल तर ‘डिरेक्टरी’खालच्या ‘बॅकग्राउंड’मध्ये हीच वाट. ड्राइव्हसाठी ‘ड्राइव्ह’ या कीखाली.

५. जिथे ‘शेअरिंग’ नसेल तिथे ‘कॉन्टेक्स्ट मेनू हँडलर्स’वर राइट-क्लिक, ‘न्यू’, ‘की’, आणि नाव द्या ‘शेअरिंग’. इंग्रजी स्पेलिंग अचूक हवं.

६. उजवीकडच्या ‘डिफॉल्ट’वर डबल-क्लिक करून शेअरिंगचा ओळख क्रमांक टाका.

हा क्रमांक महिरपी कंसात असतो आणि असा वाचायचा: एफ८१ई९०१० – ६ईए४ – ११सीई – ए७एफएफ – ००एए००३सीए९एफ६. पाच तुकडे, अनुक्रमे आठ, चार, चार, चार आणि बारा चिन्हांचे, मध्ये साधी आडवी रेघ, मोकळी जागा कुठेही नाही. विंडोज ७ पासून ११ पर्यंत हाच आहे. पण हाताने टाइप करू नका. एक शून्य ‘ओ’ झाला की ओळ येत नाही आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘डिरेक्टरी’, ‘शेलएक्स’, ‘प्रॉपर्टी शीट हँडलर्स’, ‘शेअरिंग’ इथे तोच क्रमांक बहुधा शाबूत असतो. तिथलं ‘डिफॉल्ट’ उघडून कॉपी करा. शेजारच्या ‘कॉपी हुक हँडलर्स’मध्येही ‘शेअरिंग’ नावाची की दिसेल, तिला हात लावू नका. तिचा क्रमांक वेगळा आहे, तो ४०डीडी असा सुरू होतो. चुकून तोच उचलला जातो आणि मग सगळं बरोबर करूनही ओळ का येत नाही हे कळत नाही.

शेजारी त्याच आवृत्तीचा दुसरा चांगला कॉम्प्युटर असेल तर याहून सोपं आहे. तिथे प्रत्येक ‘शेअरिंग’ की निवडून ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, खाली ‘सिलेक्टेड ब्रँच’ ठेवून पेन ड्राइव्हवर घ्या. बिघडलेल्या मशीनवर त्या फाइलींवर डबल-क्लिक करून ‘यस’ म्हणा. टाइप करायचं कामच नाही. तयार रेग फाइल अनोळखी ठिकाणाहून उतरवून चालवण्यापेक्षा ही वाट शंभरपट बरी.

७. बदल झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. टास्कबार क्षणभर जातो आणि परत येतो. मग टेस्ट फोल्डरवर राइट-क्लिक करा.

की जागेवर असूनही ओळ येत नसेल तर तीन गोष्टी पाहा.

पहिली, ‘डिफॉल्ट’मधल्या क्रमांकाच्या आधी उणे चिन्ह आहे का. मेनू ‘स्वच्छ’ करणारी काही साधनं नोंद न पुसता तिला असं पांगळं करून ठेवतात. उणे काढलं की झालं.

दुसरी, अडवलेल्यांची यादी. ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंट व्हर्जन’, ‘शेल एक्स्टेन्शन्स’ या वाटेने जा. तिथे ‘ब्लॉक्ड’ नावाची की असेल आणि तिच्या उजव्या बाजूला एफ८१ई ने सुरू होणारी नोंद असेल, तर चोर सापडला. फक्त ती एक नोंद पुसा. नुकत्याच बसवलेल्या कोऱ्या विंडोजवर ही की नसते. राइट-क्लिक मेनू छोटा करण्याच्या ज्या युक्त्या फिरतात त्यांतली ही सगळ्यात लोकप्रिय. टॅबही गायब असतो तो बहुधा याच उपद्व्यापाने. ‘एचकी करंट युजर’खालीही याच वाटेवर ती असू शकते. दोष एकाच लॉगिनमध्ये दिसत असेल तर आधी तिथेच पाहा.

तिसरी, क्रमांकाची स्वतःची नोंद. ‘एचकी क्लासेस रूट’, ‘सीएलएसआयडी’, त्यात हाच क्रमांक, त्याखाली ‘इनप्रॉक सर्व्हर ३२’. तिथल्या ‘डिफॉल्ट’मध्ये सिस्टम ३२ मधल्या त्या डीएलएलचा पत्ता हवा. तो रिकामा असेल तर वरच्या सगळ्या कीज बरोबर असूनही त्यांना पुढे कुठे जायचं ते माहीत नसतं.

फाइलच खराब असेल, किंवा नियमच आड येत असेल

स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी डिझम (टाइप करायचं डी, आय, एस, एम) चालवायचं, मग एसएफसी. या विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा आहेत. कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत उचलतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं. उलट क्रमाने केलं तर एसएफसी ‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ म्हणून हात टेकतं. डिझमच्या नावापुढे तीन शब्द, प्रत्येकाआधी तिरकी रेघ: ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोरहेल्थ. ‘क्लीनअप-इमेज’मधली आडवी रेघ टाइप करायची, पण ‘रिस्टोरहेल्थ’ एक शब्द. इंटरनेट चालू हवं. तो मध्येच एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थबकतो, खिडकी बंद करू नका. त्यानंतर एस, एफ, सी, मोकळी जागा, तिरकी रेघ, ‘स्कॅननाऊ’ एकत्र. मग रीस्टार्ट.

कंपनी, बँक किंवा कॉलेजचा कॉम्प्युटर असेल तर पर्याय बिघडलेला नसून मुद्दाम बंद केलेला असू शकतो. ग्रुप पॉलिसीत ‘युजर कॉन्फिगरेशन’, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनन्ट्स’, ‘नेटवर्क शेअरिंग’ इथे युजरला स्वतःच्या प्रोफाइलमधल्या फाइली शेअर करायला मनाई करणारा एक नियम आहे. स्वतःचं मशीन असेल तर तो ‘नॉट कॉन्फिगर्ड’ करा. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर येत नाही. ऑफिसचं मशीन असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. तुम्ही बदललंत तरी डोमेनवरचा, म्हणजे ऑफिसच्या मुख्य सर्व्हरवरून लावलेला, नियम थोड्या वेळाने पुन्हा येऊन बसतो.

तोवर काम थांबवू नका

ओळ परत येईपर्यंत फोल्डर शेअर करायच्या दुसऱ्या वाटा उघड्या असतात. प्रॉपर्टीजमधला ‘शेअरिंग’ टॅब असेल तर ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’, ‘शेअर धिस फोल्डर’ला टिक, नाव द्या, ‘परमिशन्स’ ठरवा. टॅबही नसेल आणि सर्व्हर सेवा चालू असेल तर स्टार्टमध्ये ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडून ‘शेअर्ड फोल्डर्स’, ‘शेअर्स’, उजव्या बाजूला राइट-क्लिक, ‘न्यू शेअर’. तिथेच सध्या काय काय शेअर झालं आहे तेही दिसतं. डॉलर चिन्हाने संपणारी नावं विंडोजची स्वतःची आहेत, ती पुसू नका.

या वाटांनी शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्या मशीनवर दिसतं, पण उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, हे नेहमीचं आहे. परवानग्यांचे दोन थर असतात, शेअरचा आणि एनटीएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा स्वतःचा. दोन्हींत जो कडक तो लागू होतो. मेनूतून जाणारा विझार्ड दोन्ही थर एकदम नीट लावून देतो. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ फक्त पहिल्याला हात लावतं, तिथे ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊनही दुसरा थर नाही म्हणू शकतो. ‘सिक्युरिटी’ टॅबवर जाऊन त्या युजरला तिथेही ‘रीड’ किंवा ‘मॉडिफाय’ द्यावं लागतं. त्या छोट्या ओळीची खरी किंमत ही आहे. आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये एकाच वेळी जोडणाऱ्यांची मर्यादा २० असते. चाळीस मशीनच्या शाळेच्या लॅबला साध्या विंडोजवरचं शेअरिंग पुरणार नाही.

‘शेअर’ आणि ‘सेंड टू’ हरवले असतील तर

नुसता ‘शेअर’ हा पर्याय फाइलींवर येतो. त्याची नोंद तारकेखालच्या त्याच ‘कॉन्टेक्स्ट मेनू हँडलर्स’मध्ये ‘मॉडर्न शेअरिंग’ नावाने असते आणि ‘ब्लॉक्ड’मध्ये त्याचा क्रमांक ई२बीएफ९६७६ असा सुरू होतो. दुरुस्ती वरच्यासारखीच. जवळचा कॉम्प्युटर त्यात दिसत नसेल तर दोन्हीकडे ब्लूटूथ चालू ठेवून सेटिंग्जमधलं ‘निअरबाय शेअरिंग’ सुरू करा. विंडोज १० मध्ये ते ‘शेअर्ड एक्सपीरिअन्सेस’खाली आहे.

‘सेंड टू’ तर साधं फोल्डर आहे. रनच्या चौकटीत ‘शेल’, विसर्गासारखी दोन टिंबं, आणि लगेच ‘सेंडटू’ टाइप केलं की ते उघडतं. ब्लूटूथ, मेल, झिप या त्यातल्या फाइली कुणीतरी पुसलेल्या असतात. त्यांच्या मूळ प्रती सी ड्राइव्हवर ‘युजर्स’, ‘डिफॉल्ट’, ‘ॲपडेटा’, ‘रोमिंग’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘सेंडटू’ इथे असतात. लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करून तिथून कॉपी करा. त्यांचा आकार शून्य किंवा जेमतेम दिसला तरी गोंधळू नका, त्यातल्या झिप आणि मेलच्या फाइलींचं सगळं काम त्यांच्या एक्स्टेन्शनवर चालतं.

ओळ आली, पण समोरच्याला फोल्डर उघडत नाही

‘गिव्ह ॲक्सेस टू’, ‘स्पेसिफिक पीपल’ यातून युजर निवडून ‘शेअर’ केलं की शेवटी पत्ता दिसतो. समोरच्या मशीनवर एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि या कॉम्प्युटरचं नाव टाइप करून पाहा. फोल्डर तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये असेल तर पत्ता ‘युजर्स’मधून लांबून जातो, ते तसंच असतं. छोटा पत्ता हवा असेल तर डेटा प्रोफाइलबाहेर, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर, ठेवा.

पासवर्ड मागितला तर पिन चालत नाही. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून लॉगिन करण्यापुरता आहे. अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता. ज्या अकाउंटला पासवर्डच नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्डची कटकट नको म्हणून तो काढून टाकणारे इथेच अडकतात. सोय हवी असेल तर शेअरिंगसाठी वेगळं लोकल अकाउंट करा, त्याला नीट पासवर्ड द्या, आणि फोल्डरची परवानगी त्यालाच द्या. समोरच्या मशीनवर पहिल्यांदा टाकताना ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’ला टिक लावली की रोज विचारणार नाही.

जुनं एनएएस (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) किंवा राउटरला लावलेली हार्ड डिस्क नव्या विंडोज ११ वरून अचानक उघडेनाशी झाली असेल तर त्याचा या मेनूशी संबंध नाही. २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो वर एसएमबीची डिजिटल सही सक्तीची झाली आणि पाहुणा म्हणून बिनपासवर्ड प्रवेश बंद झाला. त्या उपकरणावरच युजर आणि पासवर्ड तयार करा, त्याचं फर्मवेअर अद्ययावत करा. त्यासाठी एसएमबी १ ही जुनी आवृत्ती पुन्हा चालू करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, वॉनाक्राय त्याच दाराने आला होता.